नळकोंडाळ्यावरचा फळा

मालनबाईंच्या थोरल्या हेमाचे लग्न विहाराच्या अंगणात लागले, त्या वर्षी माझा जन्म झाला. लग्नाला आलेले पाहुणे जेवताना एकच विषय बोलत होते. देश आता दारे उघडणार, बाहेरच्या कंपन्या येणार, पोरांना नोकऱ्या लागणार. कुणाला ते खरे वाटत होते, कुणाला नाही. मालनबाईंचे यजमान ज्ञानदेव मात्र त्या बदलाचे ओझे आधीच पाठीवरून वाहत होते. ते ट्रकमधला माल उतरवण्याच्या कामाला जात. परदेशी यंत्रे ज्या लाकडी खोक्यांतून येत, त्यातल्या एका खोक्याची फळी त्यांनी मागून घेतली, सायकलला आडवी बांधली आणि येरवड्याला, तुरुंगाच्या मागच्या मैत्रीनगर वस्तीत आणली.

ती फळी म्हणजे मी. मित्रांनो, आज मी जुना झालो आहे. माझी खालची कड पाण्याने फुगली आहे आणि एका कोपऱ्याचे पापुद्रे सुटले आहेत. तरी मी उभा आहे, आणि अजून घाबरतो. फळ्याला कसली भीती, असे तुम्ही म्हणाल. ऐका मग.

वस्तीतल्या कचरू सुतारांनी मला रंधा मारला, चौकट बसवली. मोठ्या माणसांना अक्षर शिकवण्याचा वर्ग विहारात सुरू होणार होता, त्यासाठी फळा हवा होता. काळा रंग आणायचा कुठून? तेव्हा मालनबाईंची धाकटी दीपाली हातात पत्र्याचा डबा घेऊन घरोघर निघाली. ती चौथीत होती.

"मावशी, बॅटरीचे मेलेले सेल आहेत का? फळ्याला पाहिजेत."

त्या काळी वीज सारखी जाई. घरोघरी खुंटीला बॅटरी टांगलेली असे. कुणी दोन सेल दिले, कुणी एक. कचरूंनी ते फोडून आतली काळी पूड काढली. तिच्यात कोळसा, घेवड्याच्या पाल्याचा रस आणि सरस घालून ते काळे माझ्या अंगाला चोळले. वाळल्यावर मी खरखरीत आणि काळाभोर झालो. घराघरांतल्या विझलेल्या बॅटऱ्या माझ्या अंगावर होत्या. त्यामुळे मी कुणा एकाचा नव्हतो.

मालनबाई महापालिकेच्या दवाखान्यात झाडलोट करीत. दिवसभर राबून त्या संध्याकाळी वर्गाला येत. खडू त्या अशा धरीत, जणू तो चावणार आहे. पहिले अक्षर काढताना त्यांचा हात थरथरत होता. माझ्यावर उमटलेला त्यांचा पहिला 'म' एका बाजूला कलंडला होता. दीपाली मागे बसून हसली आणि त्यांनी तिला डोळ्यांनीच गप्प केले. वर्षभराने सरकारी मदत थांबली, मास्तर निघून गेले आणि वर्ग बंद पडला. पण तोवर मालनबाईंना लिहिता येऊ लागले होते.

एके दिवशी दवाखान्यात त्यांच्या कानावर आले की जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी उद्या पाणी बंद राहणार आहे. घरोघर सांगत फिरण्यापेक्षा त्यांनी ज्ञानदेवांकडून मला उचलून घेतले, नळकोंडाळ्याच्या भिंतीला टेकवले आणि लिहिले, 'उद्या पाणी येणार नाही. आज भरून ठेवा.' दुसऱ्या दिवशी आसपासच्या वस्त्या हंडे घेऊन वणवण फिरल्या. मैत्रीनगरात मात्र प्रत्येक घरी पाणी होते. तेव्हापासून मी तिथेच राहिलो. मी मैत्रीनगरचा वार्ताफलक झालो.

वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष बापूराव मला पाहायला आले. हात मागे बांधून ते म्हणाले, "वरच्या कडेला कुणाचं तरी नाव पाहिजे, वहिनी. अख्ख्या पुण्यात सौजन्याशिवाय फळा पाहिलाय का तुम्ही?"

"सेल कुणी दिले?" मालनबाईंनी विचारले.

"सगळ्यांनी."

"मग सगळ्यांची नावं घाला. मावत नसतील तर कोरं राहू द्या."

माझी वरची कड कोरी राहिली. दरवर्षी जयंतीच्या आधी, चौदा एप्रिलला चार-आठ दिवस असताना, दीपाली डबा घेऊन निघे आणि वस्ती आपापले सेल देई. खडूची पेटी पाळीपाळीने एकेका घरातून येई. मला वाचायला कुणाला काही द्यावे लागत नसे. ज्यांना वाचता येत नव्हते, तेही सेल देत. नळावर पाणी भरताना कुणीतरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवी.

एकदा वस्तीत आवई उठली की उद्या रस्त्यासाठी घरे पाडणार आहेत. बायामाणसांनी भांडी मिळेल त्या भावात विकली. काही कुटुंबे पोराबाळांना घेऊन निघूनही गेली. ते सगळे खोटे निघाले. रिकामी घरे पाहून मालनबाई फार कळवळल्या. त्यांनी वस्तीला बजावले, "यापुढे कुणी काही सांगितलं तर आधी फळा बघायचा. मी दोन ठिकाणी विचारल्याशिवाय लिहिणार नाही. फळ्यावर येत नाही तोवर खरं धरायचं नाही." वस्तीने हे मनावर घेतले. लहान मुले भांडतानासुद्धा एकमेकांना विचारू लागली, "फळ्यावर आलंय का?" मला त्याचा अभिमान वाटे. याच सवयीची मला पुढे भीती वाटणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

पहिली भीती मला हिंमतरावांनी दाखवली. ते वस्तीच्या तोंडाशी रेशनचे दुकान चालवत. रॉकेल आले की 'आलं नाही' म्हणत आणि मागच्या दाराने विकत. मालनबाईंनी चौकशी करून लिहिले, 'दुकानात रॉकेल आले आहे. कार्ड घेऊन जा.' तासाभरात हिंमतराव ओले पोते घेऊन आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पुसले. पोत्यातले पाणी माझ्या चौकटीत झिरपले. अजून ओले पोते दिसले की माझ्या अंगावर काटा येतो. मालनबाई दाराच्या आड उभ्या राहून पाहत होत्या. ते गेल्यावर त्या बाहेर आल्या. तीच ओळ त्यांनी पुन्हा लिहिली. मग रॉकेलचे डबे घेऊन वस्ती दुकानापुढे रांगेत उभी राहिली आणि हिंमतरावांना मोजून द्यावे लागले.

वर्षे गेली. पुणे बदलले. नदीपलीकडे आणि अलीकडे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. वस्तीतली शिकलेली मुले तिथे कामाला लागली. सकाळी त्यांना न्यायला गाड्या येऊ लागल्या. घरोघरी टीव्ही आला, केबल आली. माझ्यापुढे थांबणारे कमी झाले. वीज फारशी जात नसल्यामुळे खुंटीवरच्या बॅटऱ्याही गेल्या. दीपालीचे लग्न होऊन ती हडपसरला गेली. मग डबा घेऊन मालनबाईच फिरू लागल्या.

"अहो काकू, आता कुणाकडे असतात सेल? आणि फळ्यावर असं काय असतं, जे टीव्हीवर नाही?"

"तुझ्या नळाला पाणी कधी येणार, ते टीव्हीवाला सांगतो का?" मालनबाई विचारत. समोरचा हसे आणि दार लोटून घेई.

एका जयंतीला डबा जवळजवळ रिकामाच परत आला. मी जागोजागी पांढरा पडलो. अक्षर नीट दिसेना. कोणाच्या तरी सरपणात जाण्याची भीती मला वाटू लागली. मित्रांनो, जे झाले ते त्याहून वाईट होते.

मालनबाई काही दिवस हेमाकडे वाघोलीला गेल्या होत्या. त्याच दिवसांत हिंमतराव वस्तीत आले. आता ते दुकानदार राहिले नव्हते. त्यांच्याकडे खोदाईची पिवळी यंत्रे होती आणि वस्तीशेजारी उठणाऱ्या काचेच्या इमारतीचे काम त्यांच्याकडे होते. माझ्याकडे पाहून ते बापूरावांना म्हणाले, "काय ही कळा झालीय फळ्याची. माझ्याकडून रंगवून देतो. तुम्हाला एक रुपया खर्च नाही."

बापूरावांनी हात जोडले. रंगारी आला आणि त्याने माझ्यावर चकचकीत ऑइलपेंटचे दोन हात मारले. वरच्या कोऱ्या कडेवर लाल अक्षरे काढली, 'सौजन्य : हिंमतराव'. लोक येऊन माझ्यात तोंड पाहू लागले, भांग पाडू लागले. सगळ्यांना मी सुंदर वाटलो. माझा मात्र श्वास कोंडला होता.

मालनबाई परत आल्या आणि माझ्यापुढे थबकल्या. "फळ्याचा आरसा कुणी केला?"

"फुकटात झालंय, वहिनी," बापूराव म्हणाले. "तुमचं दारोदार मागणं सुटलं."

मालनबाई खडू घेऊन लिहू लागल्या. खडू घसरला. पुन्हा दाबून लिहिले. एक पुसट रेघ उठली आणि फुंकरीसरशी उडून गेली. गुळगुळीत ऑइलपेंट खडू धरत नाही, मित्रांनो. खडूला खरखरीत अंग लागते. हिंमतरावांना हे माहीत होते की नव्हते, ते मला सांगता येणार नाही. मालनबाई खडू पदराला पुसून म्हणाल्या, "बघू पावसाळ्यानंतर." दीपालीला दिवस गेले होते, पहिलेच बाळंतपण होते आणि ती माहेरी येणार होती. त्यांचे मन त्या गडबडीत होते. माझ्यावर काही लिहिले जात नाही, याची तक्रार वस्तीत कुणीही केली नाही.

हिंमतरावांच्या यंत्रांनी वस्तीच्या कडेने चर खणला. त्या चरात गटाराचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ शेजारी शेजारी उघडे पडलेले मला दिसत होते. मग एके सकाळी नळाला मातकट पाणी आले. त्याला वास होता. बायकांनी पहिला हंडा ओतून दिला आणि दुसरा भरला. मी नळासमोर उभा होतो. रोज सगळे हंडे माझ्या डोळ्यांदेखत भरले जात होते, आणि रोज माझी भीती वाढत होती.

दीपाली आली ती आषाढात. सातवा महिना लागला होता. मला पाहून ती थांबली, माझ्या चकचकीत अंगावरून तिने बोट फिरवले आणि हसली. "आई, माझे सगळे सेल आत बुजवलेत की गं यांनी."

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मालनबाईंना बोलावून घेतले. "तुमच्या वस्तीतले काविळीचे पेशंट वाढलेत. पाण्यात काहीतरी मिसळतंय. सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा. आणि गरोदर बायकांना फार जपा. त्यांना ही कावीळ जिवावर बेतते."

घरी येऊन हे सांगताना मालनबाईंच्या तोंडचे पाणी पळाले होते. त्यांनी घरात लगेच उकळलेले पाणी सुरू केले. ज्ञानदेव एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या माणसाने "बघतो" म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिले पान भरून त्या काचेच्या इमारतीची जाहिरात होती. पाण्याबद्दल एक ओळही नव्हती.

मालनबाई खडू घेऊन माझ्याकडे आल्या. पाऊस थांबला होता, पण माझ्या गुळगुळीत अंगावर ओल होती. त्यांनी लिहिले, पुन्हा लिहिले, खडू मोडला. मी सगळे बळ एकवटून ती अक्षरे धरू पाहिली. एकही अक्षर मला धरता आले नाही. मग त्या दारोदार निघाल्या.

"पाणी उकळून प्या. गटार मिसळतंय."

"फळ्यावर कुठं आलंय, मालनकाकू?"

"अगं, फळा खडू धरत नाही. मी तोंडानं सांगतेय ना."

"तुम्हीच शिकवलंत, फळ्यावर येत नाही तोवर खरं धरायचं नाही म्हणून." आणि त्या वळल्यावर मागून हसण्याचा आवाज आला. "लेक आलीय ना, हिला आता दगडातसुद्धा जंतू दिसतील."

काही घरांनी ऐकले. पुष्कळांनी नाही ऐकले.

दुसऱ्या दिवशी मालनबाई कामावर असताना बापूरावांच्या घरी दीपालीला बोलावणे आले. वस्तीतल्या बायकांनी तिचे डोहाळजेवण करायचे ठरवले होते. बापूरावांचे दार माझ्या बरोबर समोर. बायकांनी तिच्या केसांत गजरा माळला, ओटी भरली, चेष्टामस्करी चालली होती. बापूरावांच्या सूनबाईंनी तिच्यापुढे कोकम सरबताचा पेला धरला. त्या सूनबाईंनीच सकाळी माझ्यासमोर नळावर कळशी भरून नेली होती.

"आईनं बाहेरचं पाणी नको सांगितलंय," दीपाली म्हणाली.

"आम्ही बाहेरचे झालो होय गं आता? आणि हे सरबत आहे, पाणी थोडंच आहे?"

सगळ्या हसल्या. दीपालीने पेला हातात घेतला. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिले. पूर्वी ती शाळेत जाताना पाहायची, तसेच. काही लिहिलेय का, म्हणून. माझ्यावर तिला तिचाच चेहरा दिसला असेल. तिने पेला तोंडाला लावला आणि घोट घोट करत संपवला.

संध्याकाळी मालनबाईंना कळले. त्या ओरडल्या नाहीत. कचरू सुतारांकडे गेल्या आणि फुटक्या काचेचे तुकडे घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघांनी मिळून माझा रंग खरवडायला सुरुवात केली. फार दुखले, पण मी मनातून म्हणत होतो, लवकर करा, आणखी लवकर. बापूराव धावत आले.

"वहिनी, हिंमतरावांना मी काय सांगू?"

"सांगा, फळ्याला खरूज झालीय," मालनबाई काच न थांबवता म्हणाल्या.

आणि मित्रांनो, सेल गोळा करायला दीपाली निघाली. तोच पत्र्याचा डबा, एक हात कमरेवर. "मावशी, मेलेले सेल आहेत का? फळ्याला पाहिजेत." जड पावलांनी दारात आलेल्या पोरीला नाही म्हणणे कुणाला जमले नाही. कुणी रिमोटचे सेल दिले, कुणी घड्याळाचे, कुणी खेळण्यातले. ते बारीक सेल फोडता फोडता कचरूंची बोटे सोलली. कोळसा लागेल म्हणून एका घरातून शेगडीच आली. मला विहारात नेऊन त्याच शेगडीपुढे वाळवले. मी पुन्हा खरखरीत झालो.

मालनबाई चरापाशी जाऊन फुटका नळ पाहून आल्या आणि त्यांनी लिहिले, 'नळाच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळते आहे. हिंमतराव यांच्या खोदाईत नळ फुटला आहे. पाणी उकळून प्या. गरोदर बायकांना बाहेरचे काहीही देऊ नका.' पांढरी अक्षरे माझ्यावर घट्ट बसली. दुपारपर्यंत वस्तीतल्या सगळ्या चुलींवर पातेली चढली.

हिंमतराव गाडीतून उतरले. मी ओल्या पोत्याची वाट पाहत होतो. पण नळावर बायका उभ्या होत्या, त्यांच्यामागे ज्ञानदेव आणि कचरू होते, आणि थोडे बाजूला, मान खाली घालून, बापूराव. हिंमतरावांनी वाचले.

"मालनताई, माझं नाव होतं वर. कुठं गेलं?"

"बातमीत आहे की. वाचा."

ते गाडीकडे वळले आणि जाता जाता हळू आवाजात म्हणाले, "लेक आलीय ना घरी? जपा तिला." मालनबाईंच्या हातातला खडू खाली पडला.

चार दिवसांत पालिकेची माणसे आली आणि नळ दुरुस्त झाला. वस्तीत नवे रोगी कमी होऊ लागले. सगळे म्हणाले, सुटलो. फक्त मालनबाई तसे म्हणाल्या नाहीत. ही कावीळ कित्येक आठवडे अंगात दबून राहते, असे त्यांना डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. त्या रोज सकाळी दीपालीला नळापाशी उजेडात आणत आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढत.

"वर बघ."

"आई, रोज काय बघतेस? डोळे तेच आहेत."

"वर बघ म्हटलं ना."

पाहून झाले की त्या सुस्कारा टाकत आणि लिहायला लागत. मीही रोज पाहत असे. श्रावण आला. पापणीच्या आत पांढरे दिसे, तेवढा एक दिवस आमचा असे. मग श्रावण सरता सरता एका सकाळी मालनबाईंनी पापणी ओढली आणि बोट लवकर काढले नाही. दुसराही डोळा पाहिला. मग पदराने तिचे तोंड पुसून त्या एवढेच म्हणाल्या, "चप्पल घाल. डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ." त्या दिवशी माझ्यावर कुणीही काही लिहिले नाही.

मित्रांनो, माझ्या खाली आता एक पत्र्याचा डबा खिळ्याने ठोकलेला आहे. वस्ती सोडून इमारतींत राहायला गेलेले लोकही कधी त्यात खडूची पेटी टाकून जातात. डबा भरला की मला धीर येतो. तो हलका झाला की माझ्या मनात पुन्हा चकचकीत रंगाचा वास येतो. तुमच्याही आसपास कुणीतरी खरे विचारून, खरे लिहीत असेल. फळ्यावर असेल, कागदावर असेल, नाहीतर तुमच्या हातातल्या त्या काचेच्या पडद्यावर. तुम्ही ते वाचत असाल, तर आपल्या घरचा सेल द्यायला विसरू नका. छोटा असला तरी चालेल. तुम्ही दिला नाहीत, तर रंगाचा डबा घेऊन दुसरे कुणीतरी येईल. तो फुकट देतो म्हणेल, आणि दिसायला सगळे फार छान दिसेल.

दर जयंतीला मला नवे काळे लागते. ते वाळले की बातम्यांच्या आधी मालनबाई वरच्या कोऱ्या कडेखाली एक ओळ लिहितात. आता त्यांचा हात पुन्हा थरथरतो आणि 'म' पूर्वीसारखाच कलंडतो. ती ओळ त्या दिवशी कुणी पुसत नाही.

'आमची दीपाली शनिवार, दिनांक ३० ऑगस्ट २००३ रोजी काविळीने वारली. तिचे बाळही गेले.'